बिनधुराचा रथ

आमच्याकडे जयंती म्हटलं की कोणाची, हे कोणी विचारत नाही. चौदा एप्रिलच्या संध्याकाळी भिलाईतल्या मोहल्ल्यामोहल्ल्यातून मिरवणुका निघतात आणि मोठ्या चौकात, पुतळ्यापाशी एकत्र येतात. आमच्या मोहल्ल्याचा रथ म्हणजे चार चाकांचा एक लांब ठेला. त्यावर निळं कापड, झेंडूचे हार, मधोमध तसबीर आणि तसबिरीभोवती दिव्यांच्या माळा. पोट्टे दोऱ्या धरून ओढतात, बाया गाणी म्हणत मागे चालतात. आणि रथाला अगदी चिकटून दुसऱ्या ठेल्यावर येतो तो भाड्याचा डिझेल जनरेटर, धडधडत, काळा धूर सोडत.

त्या धुरामुळे माझे सासरे मिरवणुकीत चालू शकत नसत. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. विदर्भातली ही रीत इथेही आमच्यासोबत आली. मामाजींना दमा आहे, लहानपणापासूनचा. "माह्या मायनं मले दोनच गोष्टी देल्या," ते म्हणतात, "हे नाक अन् हा दमा. नाक तरी कामाचं हाये." थंडीत, धुळीत ते कसंबसं निभावतात. डिझेलचा धूर मात्र त्यांना अजिबात सोसत नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी प्रयत्न केला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून विहारापासून निघाले, किराणा दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत पोचले, आणि तिथे भिंतीला हात टेकून असे खोकायला लागले की माझ्या नवऱ्याने त्यांना पाठीशी धरून घरी आणलं. त्यानंतर दर जयंतीला ते तोच शर्ट घालून फाटकात उभे राहत. रथ समोरून गेला की हात जोडत. मग आत जाऊन, आम्ही परत येईपर्यंत रेडिओ न लावता बसत. आल्यावर विचारत, कोण कोण होतं, कोणत्या मोहल्ल्याचा रथ मोठा होता, भाषणात काय बोलले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चिडून म्हणत, "सारं इच्यारता, जसं काई फॉर्म भरायचा हाये." पण त्या सगळं सांगत.

गेल्या वर्षी मामाजी चौकापर्यंत चालले. ते कसं झालं आणि होता होता कसं राहणार होतं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

मी वाशीमकडची. नववीत असताना शाळा सुटली. आमच्या गावाहून शाळेच्या गावाला जाणारी एसटी बंद झाली, आई आजारी होती, आणि पुन्हा कधी कोणी शाळेचं नाव काढलं नाही. लग्न ठरलं ते भिलाईला. अकोल्याहून गाडीत बसले तेव्हा मला वाटलं होतं, दोन-चार स्टेशनं असतील. दुर्ग येईपर्यंत मी पाण्याची बाटली हातातून खाली ठेवली नव्हती.

माझा स्वभाव मुळात घाबरट. गॅस बंद केला की नाही ते मी तीनदा पाहते, कडी लावली की पुन्हा ओढून बघते. भिलाईत पहिल्या दिवसांत स्टील प्लांटचा भोंगा वाजला की मला वाटायचं कुठेतरी काहीतरी झालं. बाजारात हिंदी, भाजीवाल्या बाया छत्तीसगढी बोलणार, आणि माझं मराठीसुद्धा इथल्या मराठीपेक्षा वेगळं. मामाजी मला बाजारात घेऊन जायचे आणि मुद्दाम लांब, पानठेल्यापाशी उभे राहायचे.

"तू बोल. मी इथं उभा हाव."

एकदा एका भाजीवालीने मला विचारलं, "का लेबे नोनी?" मी टोमॅटो तिथेच सोडून परत मामाजींकडे आले. "ती मले नोनी म्हणून राहिली."

"मंग? नोनी म्हंजे पोरगी. शिवी नोहे. जाय, टमाटर घेऊन ये."

आता ती भाजीवाली मला लांबून ओळखते. माणूस नव्या जागी हळूहळूच रुजतो, आणि मला त्यासाठी लागला तेवढा वेळ या घराने दिला. याबद्दल मी कोणाला कधी धन्यवाद म्हटलेलं नाही. घरात कोण म्हणतं?

कामही मामाजींनीच लावून दिलं. ते प्लांटात सिलेंडरच्या स्टोअरला होते. ऑक्सिजन, ॲसिटिलीन, नायट्रोजन, सगळ्या गॅसचे सिलेंडर त्यांच्या ताब्यात. त्यांचा तिथला एक जुना सोबती जवळच्या रसमड्याच्या एका वर्कशॉपची ओळख काढून आला. तिथे हात न थरथरणाऱ्या बाया पाहिजे होत्या, पावडर भरायला. मी म्हटलं, "मले कोण घेईन, मी नववी नापास."

"नापास कोण म्हणते?" मामाजी म्हणाले. "परीक्षेले बसलीच नाई त नापास कशी? नववी चालू हाये म्हण."

रसमड्याच्या त्या वर्कशॉपमध्ये आम्ही हायड्रोजन साठवायचे डबे करतो. कागदावर त्यांना कॅनिस्टर म्हणतात, आमच्यात डबाच. मोठ्या थर्मासएवढा, स्टीलचा, तोंडाला व्हॉल्व्ह. आत असते धातूची करडी भुकटी. लॅन्थॅनम आणि निकेल वितळवून, एकत्र करून, दळलेली. दिसायला राखेसारखी, पण हातात घेतली तर मनगट खाली जाईल इतकी जड. एका काचेच्या पेटीत, पेटीलाच जोडलेले रबरी हातमोजे घालून ती भरायची, कारण तयार झालेल्या भुकटीला बाहेरची हवा चालत नाही.

हायड्रोजन जळाला की धूर होत नाही, पाणी होतं, म्हणून सगळ्यांना तो हवा आहे. पण तो ठेवायचा कुठे, हा मोठा त्रास. साध्या सिलेंडरमध्ये भरायचा तर अफाट दाबाने कोंबावा लागतो. आमच्या डब्यात तसं नाही. गॅस धातूच्या आतच शिरतो, भिजत घातलेल्या हरभऱ्यात पाणी शिरावं तसा. आणि हरभऱ्यासारखीच ती भुकटी फुगते. म्हणून डबा गच्च भरायचा नाही, वर जागा ठेवायची. नाहीतर डबाच फुटेल. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा एकदम सोपं वाटलं. काठोकाठ हरभरे भिजत घालून सकाळी ओट्यावर सांडलेले कोणाच्या घरात नसतात?

नवी भुकटी मात्र आधी गॅस घेतच नाही. आडमुठी असते. तिला तापवायची, आतली हवा ओढून काढायची, गॅस द्यायचा, थांबायचं. पुन्हा तेच. कधी कधी दिवसभर दाबाचा काटा हलत नाही, आणि मग अचानक ती गॅस प्यायला लागते. आमच्याबरोबर कॉलेजच्या एक मॅडम काम करतात, या डब्यांचा अभ्यास त्यांचाच. त्या काट्याकडे बघत म्हणायच्या, "मान गई, मान गई."

मॅडम माझ्याच वयाच्या असतील, दोन-चार वर्षांनी मोठ्या. राहतात स्मृती नगरला, घरचे मूळचे गोंदियाकडचे. मराठी फक्त आईशी बोलतात आणि आता माझ्याशी. वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत उतरतात. त्यांनी मला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतली होती: डबा गॅस घेताना तापतो, देताना गारठतो. म्हणून भरताना त्याला थंड पाणी लागतं, आणि त्याच्याकडून गॅस काढून घेताना ऊब लागते. ऊब नाही दिली तर तो इतका गार पडतो की गॅस देणंच थांबवतो. मी व्हॅनमध्ये घरी येताना हे मनात घोळवत यायचे, शाळेत पाढे घोळवायचे तसं. घेताना तापतो, देताना गारठतो.

मॅडमना डबे बाहेर चालवून बघायचे होते. लॅबमध्ये सगळं चालतं, त्या म्हणायच्या, पण धूळ, ऊन, धक्के, हे सगळं खाऊन चाललं पाहिजे. छोटा फ्युएल सेल तयार होता. सुटकेसएवढी पेटी, जिच्यात हायड्रोजन आणि हवा जाते आणि वीज निघते. कुठे चालवायचा, याची चर्चा जेवणाच्या सुट्टीत चालू होती. कोणी म्हणालं कॉलेजच्या फाटकाचे दिवे, कोणी म्हणालं एखादी ई-रिक्षा.

"आमच्या जयंतीचा रथ हाये," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सहसा बोलत नाही. बोलून झाल्यावर मला लगेच वाटलं की नसतं बोललं तर बरं. पण मॅडमनी पोळी खाली ठेवली होती. "कितने बजे निकलता है? किती वेळ चालतो? दिवे कोणते?" आणि मी उत्तरं देत गेले, कारण सगळी उत्तरं मला माहीत होती. जनरेटरचं सांगताना मामाजींचंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग तर करूनच बघायला पाहिजे."

वर्कशॉपच्या शेठजींनी परवानगीचं, आग विझवायच्या नळकांड्यांचं आणि एका फिटरचं आपल्या अंगावर घेतलं. उरली जयंतीची कमिटी.

कमिटी बसली विहारात. अध्यक्ष आमचे रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवर लागेल असा. मॅडम आल्या, जयभीम झालं, त्यांनी सोबत आणलेला एक रिकामा डबा सगळ्यांच्या हातातून फिरवला.

"हायड्रोजन म्हंजे बमवाला ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते वेगळं," मॅडम म्हणाल्या. "हा गॅस आत धातूत बसलेला आहे. एकदम निघत नाही. समझो कहीं से लीक हुआ, तर डबा थंड पडतो आणि आपोआप कमी द्यायला लागतो. और अपन तो खुले में हैं, वर निघून जातो."

"अन् पेटला त?" एक बाई मागून म्हणाली.

"तुह्या घरात लाल सिलेंडर हाये, त्याच्यावर तू रोज पोळ्या टाकतं," मामाजी म्हणाले. "त्याले कधी इच्यारलं, पेटला त?"

बराच वेळ असं चाललं. शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला. दिवे आणि लाउडस्पीकरचा भोंगा डब्यांवर चालवा. पण जनरेटर ठरलेला आहे तो येईल, मागे, बंद ठेवून. "लाइट बुझी, तो सीधा जनरेटर. जयंतीचा रथ अंधारात नाई जात. मंजूर?"

मंजूर होतं. मग त्यांनी विचारलं, "अन् जिम्मेदारी कोणाची?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम काही बोलायच्या आत मामाजींनी माझ्याकडे हात केला. "माह्या सुनेची. थेच भरते डबे."

घरी येताना मी त्यांना म्हटलं, "मामाजी, माहं नाव कावून सांगितलं? विझले त?"

"विझले त विझले. जनरेटर हाये ना."

"पण मंग तुमी—"

"मंग मी घरी येईन. रस्ता मले पाठ हाये."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. पण त्या आठवड्यात आत्याबाईंनी पांढरा शर्ट दोनदा धुतला, आणि मामाजींनी नव्या चपला आणल्या. फाटकात उभं राहायला कोणी नव्या चपला आणत नाही.

एप्रिलमध्ये भिलाईचं ऊन कसं असतं ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. सकाळी दहालाच रस्ता मोकळा होतो. दुपारी मॅडम आणि फिटर टेंपोतून सामान घेऊन आले. रथाच्या फळीखाली एक कप्पा केला होता. त्यात पुढे फ्युएल सेलची पेटी, तिच्या मागे ओळीने डबे. पेटी चालली की गरम होते. तिचा पंखा ती गरम हवा मागे डब्यांवर फेकतो. म्हणजे डब्यांना ऊब मिळते आणि ते गॅस देत राहतात. मॅडमनी हे मला दाखवलं, मी समजून घेतलं. मग कप्प्यावर निळ्या कापडाची झालर लावली, कारण तसबिरीखाली पाइप-वायरी दिसलेल्या कमिटीला चालणार नव्हत्या. पोट्ट्यांना मी दम दिला की झालरीला हात लावायचा नाही. मामाजींना काही सांगितलं नाही. सिलेंडरमध्ये जन्म गेलेल्या माणसाला मी काय सांगणार, असं वाटलं असेल.

सूर्य खाली गेला तेव्हा मॅडमनी व्हॉल्व्ह उघडले. थोडा वेळ काहीच नाही. मग माळा लागल्या, पिवळ्या, निळ्या, तसबिरीच्या काचेवर चमकत. पोट्ट्यांनी आरोळी ठोकली. अध्यक्षांनी भोंग्यातून "हॅलो, हॅलो" केलं आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले, कारण मध्ये जनरेटरची धडधड नव्हती.

मिरवणूक निघाली. जनरेटरवाला बराच मागे, बंद मशीन ढकलत, तोंड पाडून येत होता. मी बायांमध्ये होते, पण माझे डोळे सगळे दिव्यांवर. मामाजी रथाच्या उजव्या चाकाशी चालत होते. हातात पाण्याची मोठी बाटली. मला बरं वाटलं की पाणी सोबत घेतलं.

बिनाजनरेटरची मिरवणूक मी पहिल्यांदा ऐकली. चपलांचा आवाज ऐकू येत होता. बायांचं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत समजत होतं, आणि कोण बेसूर आहे तेही. "आज बाप्पा सारी पोल खुलली," माझ्या शेजारची बाई म्हणाली आणि आणखी मोठ्याने गायला लागली. पेटीच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. दोन पोरी आळीपाळीने ओंजळ धरून चालत होत्या. एकीने चाटून बघितलं. "कुछ भी टेस्ट नहीं है," ती म्हणाली, जशी काही फसवणूकच झाली.

किराणा दुकानाचा कोपरा आला. मी आत्याबाईंकडे बघितलं, त्या मामाजींकडे बघत नव्हत्या. "नको पाहू तिकडं," त्या मला म्हणाल्या, "नजर लागन." मामाजींनी कोपरा ओलांडला. खोकले नाहीत. तिथल्या एका ओळखीच्याला हात वर करून काहीतरी ओरडून बोलले, आणि चालताना ओरडून बोलण्याइतका श्वास त्यांच्यात मी कधी बघितला नव्हता.

क्वार्टरांच्या लाइनीत वळलो आणि दिवे पिवळे पडायला लागले.

आधी मला वाटलं, मलाच भास होतोय. मी घाबरट, मला काहीही दिसतं. पण भोंग्यातलं गाणंही खाली बसायला लागलं. निळी माळ विझली. बायांचं गाणं थांबलं. मॅडम पुढून पळत आल्या. अध्यक्षांनी मागे वळून हात हलवला.

"ए जनरेटर! तैयार रहो."

जनरेटरवाल्याचा चेहरा खुलला. तो ठेला ढकलत जवळ आला, हँडल हातात घेतलं. मी मामाजींकडे बघितलं, आणि त्यांनी माझ्याकडे. ते हसले, समजूत घालावी तसे. "असू दे व. एवढं झालं, लय झालं. तू रथासंग जाय, मी इथून निंगतो." आणि खरंच त्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"अध्यक्षजी, थोडं थांबा," मी म्हणाले. "पाच मिनिटं. पाच मिनिटं जनरेटर नका लावू."

"पोरी, पब्लिक उभी हाये."

"उभी राहू द्या," आत्याबाई म्हणाल्या. त्या अध्यक्षांशी असं कधी बोलत नाहीत. अध्यक्षांनी जनरेटरवाल्याला हातानेच थांबवलं.

मॅडम आणि मी खाली वाकलो आणि झालर वर केली. आत, डब्यांवर, दोन जाड बारदानं पसरलेली होती. ओलीचिंब. त्यातून पाणी टपकत होतं. मी एक बारदान उचलून डब्याला हात लावला. कुल्फीच्या साच्यासारखा गार. स्टीलवर दव जमलं होतं. पंख्याची गरम हवा येत होती ती सगळी त्या ओल्या बारदानात मरत होती.

"ये बोरे किसने डाले?" मॅडमनी विचारलं.

मग वरून मामाजींचा आवाज आला. "मी. काहून?"

आम्ही दोघींनी वर बघितलं. त्यांच्या हातात ती बाटली होती, अर्धी रिकामी. ते पाणी पिण्यासाठी नव्हतंच.

"इतकी गर्मी हाये," मामाजी म्हणाले. "स्टोअरले आमी उन्हाळ्यात सिलेंडरवर ओले बोरे टाकतच होतो. सिलेंडर थंड पाहिजे, थे पयलं शिकवते. वाटेनं वाळू नये म्हणून मी पाणी टाकत आलो, दर वळणावर."

मॅडमनी कपाळाला हात लावला, पण त्या हसत होत्या. मला मात्र हसू येत नव्हतं. "मामाजी," मी म्हणाले, "ह्या डब्याचं उलटं हाये. गॅस देताना थो स्वतःच गारठते. त्याले ऊब पाहिजे, तवा थो देते. थंड केला का बंद होते."

मामाजींनी बाटलीकडे बघितलं, मग डब्यांकडे. "म्हंजे मीच त्याले थंडी भरवून राहिलो?"

"हो जी."

"अन् मीच जनरेटर बोलावून राहिलो."

आधी अध्यक्ष हसले, मोठ्याने, प्लॅटफॉर्मवरच्या आवाजात. मग सगळेच. मामाजीही हसले, पण बाटली त्यांनी पाठीमागे नेली, लपवावी तशी.

"आता?" अध्यक्षांनी विचारलं.

"गरम पाणी पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "उकळतं नाही. आंघोळीचं असतं तसं. डब्यांवर ओतलं की उठतील."

आता गंमत बघा. जयंतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ठेले लागलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजणारे. सरबत, मठ्ठा, बर्फाचं पाणी, कैरीचं पन्हं. सगळं थंड. जिकडे तिकडे बर्फाच्या लाद्या. चहाची टपरीसुद्धा त्या दिवशी रसना वाटत होती. अध्यक्ष म्हणाले, "एप्रिलमदी गरम कोण वाटते बावा?" एक पोट्टा चूल पेटवू का म्हणत होता.

"टाकीचं पाणी," आत्याबाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या, आणि सगळ्यांना एकदम कळलं. उन्हाळ्यात इथे छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दिवसभर तापतं. संध्याकाळी नळ सोडला तर हात मागे घ्यावा लागतो. दिवसभर सगळं भिलाई त्या पाण्याला शिव्या देत असतं. रात्री बादली भरून ठेवतात, ती सकाळी निवलेली असते तेव्हा आंघोळ. आम्ही उभे होतो तिथल्या क्वार्टरच्या फाटकात एक छत्तीसगढी बाई रथ बघायला आली होती. मी तिला विचारलं.

"पानी तो अब्बड़ तात हे दाई," ती म्हणाली. फार गरम आहे, चालेल का, अशा काळजीने.

"तातच पाहिजे," मी म्हटलं. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, माझ्या तोंडून काय निघालं मला आठवत नाही.

तिने बादली भरून आणली. शेजारच्या फाटकातून दुसरी आली, मग समोरच्या लाइनीतून. पोट्ट्यांनी साखळी केली. कोणीतरी मामाजींच्या हातात लोटा दिला, किंवा त्यांनीच घेतला. मॅडमनी वायरींवर प्लास्टिक ओढून धरलं आणि दाखवलं कुठे ओतायचं, कुठे नाही. मामाजी गुडघ्यावर बसले. इस्त्रीचा शर्ट, नव्या चपला, सगळं भिजलं. ते एकेका डब्यावर सावकाश पाणी सोडत होते. "घे," ते डब्याला म्हणत होते, "घे बाप्पा, माह्यी चूक झाली. घे."

मी काट्यावर डोळे लावून बसले होते. काटा हलला, थांबला. जनरेटरवाला हँडल धरून तसाच उभा. मग काटा चढायला लागला.

निळी माळ आधी लागली. मग पिवळी. भोंग्यातलं गाणं खोल विहिरीतून वर यावं तसं वर आलं आणि आपल्या जागेवर बसलं. टाळ्या पडल्या. जनरेटरवाल्याने हँडल ठेल्यावर टाकलं. "तो मैं क्या यहाँ घूमने आया हूँ?" तो म्हणाला. एका बाईने त्याच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास दिला.

"सिलेंडर स्टोअर," अध्यक्षांनी मामाजींना हाक मारली, "आता तुमाले गिझर स्टोअर म्हणावं लागन."

"म्हणा. पण रथ चालवा. पब्लिक उभी हाये."

मग पुढचा रस्ता मामाजींनी झालर स्वतः वर खोचून ठेवली, पाइप दिसले तर दिसले, आणि दर वळणावर हात आत घालून डबे चाचपत चालले. गार लागला की मागे बघायचे आणि कोणीतरी फाटकातून एक लोटा आणून द्यायचं. मी मॅडमना विचारलं, हे ट्रायलमध्ये चालतं का. त्या म्हणाल्या, "यही तो ट्रायल है."

मोठ्या चौकात दुसऱ्या मोहल्ल्यांचे रथ आधीच आले होते, आपापले जनरेटर घेऊन. धूर दिव्यांत तरंगत होता. मला पुन्हा भीती वाटली, पण मामाजींनी ते आधीच बघितलं होतं. त्यांनी शर्टाची बाही नाकाशी धरली, गर्दीतून सरळ पुतळ्यापर्यंत गेले, फूल वाहिलं, हात जोडून उभे राहिले. मला वाटलं होतं ते लगेच परततील. ते सावकाश उभे होते. मग वळले आणि आम्ही त्यांना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, मोकळ्या हवेत नेलं. तिथे दुभाजकावर ते बसले. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, ती वर-खाली होत होती, पण दम्याची शिट्टी नव्हती.

त्यांनी चपला काढल्या, पाय मांडीवर घेतले आणि दाबायला लागले. तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांनी पिशवीतला दम्याचा पंप आधीच हातात काढला होता. "छाती भरून आली?"

"छातीचं नाव कोणी घेतलं?" मामाजी म्हणाले. "पाय म्हणून राहिलो मी. नव्या चपलेनं फोड आले. इतकं चालाची सवय कोणाले हाये?"

आत्याबाईंनी पंप पिशवीत टाकला. मग पदराने त्यांचा एक पाय पुसला, मग दुसरा, आणि म्हणाल्या, "येताना रिक्षा करू." मामाजी म्हणाले, कशाला, रथासंगच जाऊ. आणि ते परत जायच्या गोष्टीवरून दोघं भांडत राहिले, मी उभी राहून ऐकत राहिले, आणि मला कशाचीच घाई नव्हती.